दोनदा शुद्ध

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. मी आहे, अप्पा आहेत, घरही जागच्या जागी आहे. फोन का केला नाही, तर अप्पांना कमी ऐकू यायला लागल्यापासून मी घरात ओरडूनच बोलते आणि तीच सवय फोनवरही लागली आहे. जे सांगायचं ते ओरडून सांगण्यासारखं नाही. आणि मेसेज केला तर तू अंगठा पाठवशील. मला अंगठा नको, उत्तर हवं आहे, आणि तेही दुकानाच्या पत्त्यावर.

गेलं वर्षभर मला दम लागतोय. आधी वाटलं वजन वाढलं, मग वाटलं वय झालं, वहिनीनं तर फोनवर चालायला जा म्हणून सांगितलंच होतं. गेल्या महिन्यात दुकानात एका मोठ्या फ्रेमची काच माळ्यावर न्यायची होती. निम्म्या जिन्यात मी काच छातीशी धरून खालीच बसले. मालक धावत आले, त्यांनी आधी काच सोडवून घेतली (माणूस धंद्याचा आहे, त्याला बोल लावत नाही), मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की ओठांना शाई लागली आहे का. शाई कुठून लागणार? आमच्याकडे काच, लाकूड आणि पुठ्ठा. ओठच निळे झाले होते.

तर हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी यंत्र फिरवलं, पडद्यावर बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला की हे भोक लहानपणी कुणाला कळलं नव्हतं का. मी सांगितलं की कळलं होतं, सगळ्यांना कळलं होतं.

तुला आठवत असेलच. मी दुसरीत होते, शाळेच्या तपासणीत छातीत आवाज ऐकू आला, मोठ्या हॉस्पिटलात नेलं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे, मुलगी लहान आहे तोवर बुजवून टाका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आईनं बॅग भरली होती. माझे दोन फ्रॉक, टॉवेल आणि तो डोळे निखळलेला ससा. मग अप्पांनी कॅलेंडरची मागची बाजू घेतली, हृदय काढलं आणि आपल्या तिघांना समोर बसवून तास घेतला. डावीकडे फुप्फुसातून आलेलं शुद्ध रक्त, उजवीकडे शरीरातून आलेलं अशुद्ध. दाब डावीकडे जास्त, म्हणून गळती डावीकडून उजवीकडे. म्हणजे शुद्ध रक्त अशुद्धात जातं, अशुद्ध शुद्धात जात नाही. शरीराला मिळतं ते चोखच. उलटं असतं तर आजच्या आज शस्त्रक्रिया केली असती, असं ते म्हणाले होते. उलट हिचं थोडं रक्त फुप्फुसात दुसऱ्यांदा जाऊन दोनदा शुद्ध होतं. तू त्या दिवसापासून मला डबल फिल्टर म्हणायला लागलास. मलाही त्याचा केवढा तोरा होता! वर्गात सांगत फिरले होते.

आता गोष्ट अशी आहे की इतकी वर्षं फुप्फुसांत जास्तीचं रक्त जात राहिलं आणि तिथल्या नळ्या जाड आणि कडक झाल्या असाव्यात, असा बाईंना संशय आहे. महिनाअखेरीस एक तपासणी आहे. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात आणि दाब मोजतात. मग औषध देऊन पुन्हा मोजतात. दाब उतरला तर भोक बुजवता येईल आणि मी बरी होईन. नाही उतरला तर बुजवता येणार नाही, कधीच. एवढंच आहे, आणि एवढ्यावरच सगळं आहे.

मला दोन-तीन दिवस तिथे राहावं लागेल. त्या दिवसांत तू येशील का, किंवा अप्पांना तुझ्याकडे नेशील का? ते एकटे राहिले तर गॅस चालू ठेवून चष्मा शोधत बसतील.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो या वेळी जरा हातानं दाखव.

तुझी,
बारकी


११ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग हिला वाचायला दिलं. तू एवढ्या दिवसांत बोलली का नाहीस? अर्थात मी तरी कधी नीट विचारलं, हेही खरंच.

पण धीर सोडू नकोस. डॉक्टर नेहमी वाईटात वाईट आधी सांगून ठेवतात, म्हणजे पुढे काही झालं तर त्यांच्यावर येत नाही. दाब उतरेलच. तू लहानपणापासून चिवट आहेस, झाडावरून पडलीस तरी आधी फांदीला शिव्या दिल्या होत्यास.

त्या तारखांना मात्र माझी पंचाईत आहे. महिनाअखेर म्हणजे ऑफिसात तपासनीस येऊन बसतात, मला उठताही येत नाही. हिची बदली नुकतीच झाली आहे, तिला रजा मिळत नाही. अप्पांना इकडे आणायचं तर आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट दिवसाआड बंद, आणि मधली खोली मुलीच्या अभ्यासाला दिली आहे. त्यांना इथे करमणारही नाही. शेजारच्या काकूंना सांगून एखादी बाई दिवसभरासाठी मिळते का बघ ना. मीही बघतो.

एक मात्र कळकळीनं सांगतो. अप्पांना जुनं काही बोलू नकोस. त्यांनी जे केलं ते त्यांच्या समजुतीप्रमाणे, तुझ्या भल्यासाठीच केलं. या वयात त्यांना असा धक्का दिला तर ते कोसळतील. तपासणी साधी आहे, एवढंच सांग. तू समजूतदार आहेस, म्हणून तुला सांगतो आहे.

तब्येतीस जप. काचा उचलू नकोस. लोभ आहे तसाच आहे, हे मनात असू दे.

तुझा,
दादा


१८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. समजूतदार आहेस हे वाक्य आपल्या घरात नेहमी काम सांगण्याआधी येतं, हे मी आता ओळखून आहे. अप्पा कोसळतील म्हणून मी गप्प बसायचं. मी जिन्यात कोसळले तेव्हा कुणी कुणाला गप्प बसवलं नाही, कारण तिथे तुमच्यापैकी कुणी नव्हतंच.

तुझं ‘बघतो’ मला पाठ आहे. नाकर्त्याचा वार शनिवार. बाईची सोय मीच केली.

डॉक्टरीणबाईंकडे परवा पुन्हा गेले होते. मी त्यांना अप्पांचं ते दोनदा शुद्ध सांगितलं. त्या हसल्या नाहीत, मला वाटलं होतं हसतील. त्यांनी कागदावर दोन वर्तुळं काढली, एक मोठं, एक छोटं. मोठं हृदयातून सगळ्या शरीरात जाऊन परत हृदयात. छोटं हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसात जाऊन डाव्या बाजूला परत. आपण शाळेत हेच शिकलो, अप्पांच्याच तोंडून. अशुद्ध रक्त वाहून नेणारी एकमेव धमनी कोणती, हा त्यांचा ठरलेला प्रश्न, आणि फुप्फुस धमनी असं उत्तर येईपर्यंत ते सबंध वर्गाला उभं करायचे. तू दर वेळी उभा असायचास.

बाई म्हणाल्या की रक्त एकदा फुप्फुसातून गेलं, प्राणवायू भरून घेतला, की झालं. दुसऱ्यांदा गेलं तर त्यात आणखी काही भरत नाही. दोनदा शुद्ध असं काही नसतंच, दादा. धुतलेले कपडे पुन्हा पुन्हा धुवायला टाकले तर कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, धुणारीचे हात तेवढे सोलवटतात. छोट्या वर्तुळातल्या नळ्या नाजूक असतात, कमी दाबासाठी केलेल्या. त्यांच्यावर माझं हृदय प्रत्येक ठोक्याला हा फुकटचा हेलपाटा घालत राहिलं. मी शाळेत गेले, नोकरीला लागले, आईचं दुखणं काढलं, अप्पांचं घर सांभाळलं, आणि आत हे चालूच होतं.

अप्पांनी प्रवाहाची दिशा अगदी बरोबर सांगितली होती. हेच मला सहन होत नाही. उत्तर चुकलं असतं तर कुणीतरी पकडलं असतं. शुद्ध हा शब्द तोंडात आला आणि पुढे विचार करायचं काही उरलंच नाही. किती रक्त जातं, कुणावर भार पडतो, हे कुणी विचारलं नाही. आईनं विचारलं होतं, असं मला पुसट आठवतं. तिला सांगण्यात आलं की तुला आकृती कळत नाही.

अप्पांना मी काही सांगणार नव्हते. पण बॅग भरताना त्यांनी पाहिलं आणि कुठे निघालीस म्हणून पिच्छाच पुरवला. तपासणी म्हटल्यावर त्यांच्या अंगात बळ आलं. मीही येतो, म्हणाले, डॉक्टरांना मूळ केस समजावून सांगायला कुणीतरी हवं. तेव्हा तू येऊ शकत नसलास तरी माझ्याबरोबर अप्पा असणार आहेत. मूळ केस समजावून सांगायला.

रात्री पडल्यावर हृदयाचा ठोका उशीवर ऐकू येतो. पूर्वी मजा वाटायची. आता प्रत्येक ठोक्याला वाटतं की बास कर, थांब जरा, मग वाटतं थांबू नको. मला मरायचं नाही, दादा. अजून खूप काही केलेलंच नाही.

लोभ असावा, आणि जमलं तर तो तारखेच्या आत पोचावा.

बारकी


३० जून

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व ठीक. तिकडील कुशल कळवावे.

पत्रास कारण की, छोटीची तपासणी झाली. मी जातीने हजर होतो. डॉक्टरबाई हुशार दिसल्या, परंतु त्या शुद्ध आणि अशुद्ध हे सुटसुटीत शब्द वापरत नाहीत. प्राणवायू भरलेले रक्त, प्राणवायू कमी असलेले रक्त, असे लांबण लावतात. मी त्यांना आकृती काढून दाखवली. त्यांनी ती पूर्ण पाहून घेतली व काही बोलल्या नाहीत, यावरून त्यात चूक नसावी.

मुख्य गोष्ट अशी की, आता प्रवाह उलटला आहे. हे त्यांनी स्वतःच सांगितले. पूर्वी डावीकडून उजवीकडे जात होते, आता फुप्फुसाकडचा दाब वाढल्यामुळे उजवीकडून डावीकडे जाते. म्हणजे अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाता परस्पर शुद्धात मिसळते आणि तेच शरीरभर फिरते. ओठ निळे पडतात ते यामुळे. तुला आठवत असेल, मी त्या वेळीच म्हटले होते की उलट असते तर एक दिवस थांबलो नसतो. आता ती वेळ आली आहे. मला रात्रभर झोप आली नाही. पोरीच्या अंगात अशुद्ध रक्त फिरते आहे, ही कल्पनाच सहन होत नाही.

असे असता बाई भोक बुजवायला तयार नाहीत! औषधाने दाब उतरला नाही, असे काहीसे कारण दिले. मला सगळे नीट ऐकू आले नाही आणि छोटीने विचारूनही लिहून दिले नाही. ती परतताना रिक्षात बाहेर बघत बसली होती. थकली असावी. गेले दोन दिवस जेवतही नीट नाही, मला मात्र वेळच्या वेळी वाढते.

तू तिकडे मोठ्या हॉस्पिटलात ताबडतोब चौकशी कर. हे काम आता एक दिवसही लांबवणे योग्य नाही. सोबत आकृती जोडली आहे, ती तेथील डॉक्टरांना दाखव. बाण मी नीट काढले आहेत.

सौ. सूनबाईस व नातीस आशीर्वाद. नातीला विचार, अशुद्ध रक्त वाहून नेणारी एकमेव धमनी कोणती.

तुझा,
अप्पा


७ जुलै

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

अप्पांचं पत्र आणि आकृती मिळाली. तू फोन उचलत नाहीस, मेसेजला ‘नाही’ एवढंच लिहितेस, तेव्हा मीही आता पत्रच लिहितो.

अप्पा फार बेचैन झाले आहेत. रोज मला फोन करतात आणि मी काय बोलतो ते ऐकू न येताच आपलं सांगत राहतात. एवढं कळवळलेलं मी त्यांना आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. इथे एका ओळखीच्या माणसाच्या ओळखीनं दुसऱ्या एका हॉस्पिटलात नंबर लावला आहे. तिथले डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट बघून ठरवू, पण आशा सोडायचं कारण नाही. एका डॉक्टरनं नाही म्हटलं म्हणून संपलं असं थोडंच आहे? अप्पा आता स्वतःहून करा म्हणताहेत, तर करून टाकू. निदान त्यांच्या मनाचं समाधान होईल.

तू रागावली आहेस ते मला समजतं. पण राग धरून स्वतःचं नुकसान करून घेऊ नकोस. आणि पुन्हा सांगतो, अप्पांना जुनं काही ऐकवू नकोस. त्यांनी आता आपण होऊन पाऊल उचललं आहे, तेच पुष्कळ समज.

पुढच्या आठवड्यात अप्पांना घेऊन इकडे ये. दोन दिवस आमच्याकडे राहा. मुलीची खोली रिकामी करून घेतो. लोभ कमी होऊ देऊ नकोस, एवढं ऐक.

तुझा,
दादा


१२ जुलै

दादास,
सा. न.

विनंती विशेष काही नाही, म्हणून वि. वि. गाळलं आहे. विनंती करायचे दिवस गेले.

आधी नीट समजून घे, कारण तू अजूनही त्या वर्गात उभाच आहेस. माझ्या फुप्फुसांकडच्या नळ्यांचा दाब आता सगळ्या शरीराच्या दाबाइतका झाला आहे. औषध दिलं, प्राणवायू दिला, दाब जागचा हलला नाही. उजव्या कप्प्याला इतक्या जोरानं रक्त ढकलायची सवय नसते. फुप्फुस त्याला आत घेत नाही, तेव्हा ते त्या भोकातून पलीकडे निसटतं, म्हणून ओठ निळे होतात आणि म्हणूनच मी जिवंत आहे. ते भोक आता माझी पळवाट आहे. ते बुजवलं तर उजवा कप्पा थकून बसेल आणि मी टेबलावरून उठेन असं नाही, उठलेच तर फार टिकणार नाही. हे बाईंनी मला तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं. तुझ्या ओळखीच्या माणसाच्या ओळखीतला डॉक्टर रिपोर्ट बघेल तेव्हा हेच सांगेल. नंबर काढून टाक, एखाद्या गरजूला मिळेल.

भोक बुजवायला हवं होतं तेव्हा अप्पा म्हणाले की काही बिघडत नाही. आता बुजवलं तर मरेन, तेव्हा त्यांना घाई झाली आहे. बैल गेला आणि झोपा केला असं म्हणतात. आपल्याकडे बैल अजून दारात उभा आहे, त्याच्यावरच झोपा पाडायला निघालात तुम्ही दोघं. आणि कशासाठी, तर त्यांच्या मनाचं समाधान. माझ्या जिवानं भागणारं समाधान कोणाला द्यायची माझी तयारी नाही.

राहिलं काय, तर गोळ्या. त्यांनी थोडं बरं वाटेल, किती काळ ते कुणी सांगत नाही. जिने नाहीत, काचा नाहीत. मालकांनी मला खाली खिडकीपाशी उंच स्टूल दिलं आहे, तिथे बसून पुठ्ठ्याच्या चौकटी कापते. त्यांनी आपण होऊन माळ्याची शिडी बाजूला ठेवून दिली आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मला त्यांच्यापुढे रडू आलं, पण रडायलाही आता दम लागतो.

आणि हो, मी अप्पांना सांगितलं.

ते रोज चहाच्या वेळी विचारायचे की कधी बुजवणार, थोरल्याचं काय उत्तर आलं. ओरडून सांगायचं बळ माझ्यात नाही, म्हणून दुकानातून पुठ्ठ्याचा एक तुकडा आणला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं की आता बुजवलं तर मी मरेन, बुजवायचं होतं ते मी दुसरीत असताना. त्यांनी चष्मा पुसून ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी समोरच बसले होते. खरं सांगते, मला त्या वेळी त्यांच्याकडून फार काही नको होतं. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी नुसता हात पुढे केला असता तरी मी सगळं पोटात घातलं असतं, शपथेवर सांगते.

ते पुठ्ठा पालथा ठेवून म्हणाले की, तुझ्या आईनं तेव्हा जोर धरायला हवा होता.

मग चहा गार झाला म्हणून त्यांनी तो गरम करून मागितला, आणि मी उठून करून दिला.

तू त्या दिवशी तिथे होतास, दादा. मी लहान होते, तू नव्हतास. आईनं भरलेली बॅग सगळ्यांसमोर रिकामी केली, फ्रॉक कपाटात ठेवले आणि कितीतरी दिवस अप्पांशी एक अक्षर बोलली नाही. तिनं आणखी काय करायचं होतं? ती आता उत्तर द्यायला नाही, म्हणून तिच्या नावावर घालून ते मोकळे झाले. ते कोसळले नाहीत. तू उगाच काळजी करत होतास. ते दुपारी झोपले, संध्याकाळी फिरूनही आले.

त्यांचं वय झालं आहे हे मला माहीत आहे, मला पुन्हा सांगू नकोस. माझं वय व्हायचं नाही, हे तू लक्षात ठेव. माझ्यापाशी श्वास मोजका आहे. दोन माणसांचा स्वयंपाक, दोन माणसांची धुणी, ओरडून बोलणं आणि पुन्हा पुन्हा तोच प्रश्न ऐकणं, यात तो घालवायचा नाही असं मी ठरवलं आहे. मला उरलेला काळ खिडकीपाशी बसून पुठ्ठे कापायचे आहेत आणि घरी येऊन दिवा लावायचा आहे, एकटीचा. तू मुलीची खोली रिकामी करणार होतास ना, तशीच राहू दे.

त्यांचे कपडे, चष्मे आणि कधीच न लावलेलं कानाचं यंत्र मी एका बॅगेत भरून दाराशी ठेवलं आहे. ही बॅग कुणी रिकामी करणार नाही.

लोभ असला तर असू दे. नसला तरी रविवारी ये आणि अप्पांना घेऊन जा.

बारकी